मासेमारीसाठी पोलराइज्ड गॉगल कसा निवडावा

काठावर उभं राहून पाण्याकडे बघितलं की आधी दिसतं ते आभाळ. ढग, समोरच्या झाडांची उलटी रांग आणि त्यावर पसरलेली पांढरी चकाकी. मासा त्याच्या खालीच असतो, कधी कधी हातभर अंतरावर असतो, पण ती चकाकी काही दिसू देत नाही. चांगला पोलराइज्ड गॉगल ही चकाकी काढून टाकतो. तळाचे दगड दिसायला लागतात, शेवाळाच्या पट्ट्या दिसतात, आणि मघापासून जी सावली दगडच वाटत होती ती शेपूट हलवते. हे पहिल्यांदा पाहणारा माणूस गॉगल काढून, परत घालून, तीन-तीनदा खात्री करून घेतो.

दुकानात मात्र हे काहीच कळत नाही. तिथे पाणी नसतं, ऊन नसतं, म्हणून बहुतेक जण काच किती काळी आहे आणि चेहऱ्याला काय शोभतं यावर गॉगल घेतात. गॉगल निवडायला मदत मागणाऱ्याला मी पहिला प्रश्न विचारतो तो वेगळाच असतो: तुम्ही कोणत्या पाण्यावर, दिवसाच्या कोणत्या वेळी, किती उंचीवर उभे असता? याचं उत्तर हाताशी असलं की बाकीची निवड बरीच सोपी होते.

पायरी १: चकाकी कशी अडते ते समजून घ्या

सूर्यप्रकाशाची कंपनं सगळ्या दिशांना होत असतात. तोच प्रकाश सपाट पाण्यावरून तिरका परावर्तित झाला की त्यात आडवी कंपनं जास्त उरतात. असा एकाच दिशेने जास्त कंपणारा प्रकाश म्हणजे पोलराइज्ड प्रकाश. फ्रेंच शास्त्रज्ञ एत्येन-लुई मालुस यांनी १८०८ मध्ये पॅरिसच्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून येणारा सूर्यप्रकाश स्फटिकातून पाहताना परावर्तित प्रकाशाचा हा गुण हेरला. हा परिणाम कोणत्या कोनात सर्वांत जास्त असतो, याचा नियम स्कॉटलंडच्या डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८१५ मध्ये मांडला. पाण्यासाठी तो कोन लंबाशी सुमारे ५३ अंश, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागाशी ३७ अंश येतो. त्या कोनात परावर्तित होणारा प्रकाश जवळजवळ पूर्ण आडव्या कंपनांचा असतो. गॉगलमधली फिल्म आडवी कंपनं शोषते आणि उभी आत सोडते. तळावरून, माशाच्या अंगावरून येणाऱ्या प्रकाशात दोन्ही प्रकारची कंपनं असतात, म्हणून तो अंधुक होतो पण पोचतो. चकाकी मात्र जवळपास सगळी बाहेरच राहते.

याचा काठावर सरळ उपयोग आहे. पाण्यापासून डोळ्यांची उंची घ्या आणि तिला १.३ ने गुणा. तेवढ्या अंतरावर गॉगल सर्वांत चांगला चालतो. सपाट काठावर उभं राहिल्यावर डोळे पाण्यापासून दीड मीटरवर असतील, तर ती जागा समोर २ मीटरवर. तोच माणूस ३ मीटर उंच खडकावर चढला, तर ६ मीटरवर. या जागेच्या अलीकडे-पलीकडेही बराच पट्टा कामाचा असतो: उंचीच्या साधारण पाऊणपट अंतरापासून पावणेतीनपट अंतरापर्यंत. उंचीच्या पाचपट अंतरावर मात्र उत्तम गॉगलमधूनही सुमारे एक तृतीयांश चकाकी आत येते, आणि इतक्या तिरक्या नजरेला मुळात चकाकीच जास्त असते.

म्हणून छोट्या होडीत बसून गळ टाकणाऱ्याने लांबच्या पाण्यात मासा दिसेल अशी अपेक्षा धरू नये. त्याच्या वाट्याला होडीभोवतीचं थोडंसं पाणी येतं. उलट काठावरच्या माणसाने एखादा सुरक्षित उंचवटा शोधला, तर त्याला जो फायदा मिळतो तो कितीही महागडा गॉगल देऊ शकणार नाही. गॉगलवर खर्च करण्याआधी ही गोष्ट मनात पक्की असावी असं मला फार वाटतं.

पायरी २: आपलं पाणी ठरवा, मग रंग

सगळ्यात जास्त विचार रंगावर करा. पोलराइज्ड फिल्म चकाकी अडवते, पण चकाकी गेल्यावर उरलेल्या चित्रात मासा आणि तळ वेगळे दिसणं हे काचेच्या रंगावर असतं.

उथळ आणि स्वच्छ पाणी, म्हणजे खळाळती नदी, ओढे, खाडीचा उथळ भाग, तलावाची कड. इथे तळ दिसतो आणि तळावर हलणारं काहीतरी शोधायचं असतं. इथे तपकिरी, तांबूस किंवा गडद मधाच्या रंगाची काच घ्या. पाण्यावर जी उरलीसुरली चकाकी राहते ती बहुतेक आभाळाची, म्हणजे निळसर असते. तपकिरी काच निळा प्रकाश कापते, त्यामुळे पाण्यावरचा तो पुसट पडदा आणखी पातळ होतो, आणि वाळू, दगड, शेवाळ आणि माशाची पाठ यांच्यातला फरक ठळक होतो. रंग खरे दिसत नाहीत, सगळं जरा उबदार दिसतं. दहा मिनिटांत डोळ्यांना त्याची सवय होते.

खोल पाणी आणि खुला समुद्र. इथे तळ दिसतच नाही, तेव्हा फरक ठळक होऊन उपयोग काय? इथे ऊन जास्त असतं, चारी बाजूंनी असतं आणि दिवसभर असतं. डोळ्यांना विश्रांती हवी असते, आणि पाण्याचा रंग कुठे बदलतो, पक्षी कुठे घिरट्या घालताहेत, तरंगता गवताचा पट्टा कुठे आहे हे खऱ्या रंगांत दिसायला हवं. त्यासाठी करडी काच. ती सगळे रंग साधारण सारख्याच प्रमाणात कमी करते.

हिरवट काच या दोघींच्या मधली आहे. थोडा फरक वाढवते, रंग फारसे बिघडवत नाही. ज्याला नदी आणि समुद्र दोन्हीकडे जायचं आहे त्याला ती पटू शकते, पण उथळ पाण्यात तपकिरीइतकी ती कामाला येत नाही.

पहाट, संध्याकाळ, दाट ढग, झाडांच्या सावलीतला डोह. इथे फिकट पिवळी किंवा केशरी-पिवळी काच. मासे याच वेळी काठाजवळ येतात, आणि गडद काच घातलेल्या माणसाला तेव्हाच काही दिसत नाही. मात्र पिवळी काच दुपारच्या उन्हात वापरू नका, आणि रात्री गाडी चालवताना तर कोणताच रंगीत गॉगल नको.

बाहेरून निळा, हिरवा, चंदेरी आरसा असलेले गॉगल पुष्कळ दिसतात. आरशाचा लेप थोडा प्रकाश बाहेरच्या बाहेर परतवतो, म्हणून भर उन्हात तो उपयोगी आहे. पण डोळ्याला दिसतो तो आतल्या काचेचा रंग. निळ्या आरशाखाली करडी काच असू शकते तशी तपकिरीही असू शकते. गॉगल उलटा धरून पांढऱ्या कागदाकडे बघा, खरा रंग लगेच कळेल.

गढूळ पाण्याबद्दल खोटी आशा ठेवू नका. चकाकी पाण्यावर असते, गढूळपणा पाण्यात असतो, आणि तो कोणतीही काच काढू शकत नाही. तिथेही तपकिरी काच थोडी मदत करते: पृष्ठभागाखालून फिरणाऱ्या माशाची सावली, बुडालेली फांदी, गळाच्या दोरीची हालचाल जरा बरी दिसते.

एकच गॉगल घ्यायचा असेल आणि मासेमारी गोड्या पाण्यात किंवा किनाऱ्यालगत असेल, तर मी डोळे मिटून तपकिरी-तांबूस सांगतो. दुसरा घ्यायची ऐपत झाली की तो फिकट पिवळा घ्या. दुपारसाठी आणखी गडद काच घेण्यापेक्षा पहाटेसाठी फिकट काच घेतलेली जास्त उपयोगी पडते.

पायरी ३: काच किती गडद

गॉगलच्या काडीच्या आतल्या बाजूला किंवा सोबतच्या कागदावर ० ते ४ यांपैकी एक आकडा असतो. आयएसओ १२३१२-१ या आंतरराष्ट्रीय मानकातली ही वर्गवारी आहे. वर्ग १ मध्ये ४३ ते ८० टक्के प्रकाश आत येतो, वर्ग २ मध्ये १८ ते ४३ टक्के, वर्ग ३ मध्ये ८ ते १८ टक्के आणि वर्ग ४ मध्ये ३ ते ८ टक्के. वर्ग ४ ची काच घालून गाडी चालवायची नसते.

दिवसाच्या मासेमारीला वर्ग ३ योग्य. त्यातही उथळ पाण्यासाठी १२ ते १५ टक्क्यांच्या आसपासची काच, खुल्या समुद्रासाठी १० टक्क्यांजवळची. पहाटे-संध्याकाळी वर्ग २ मधली फिकट. त्याहून फिकट पोलराइज्ड काच मागू नका, कारण आदर्श फिल्मसुद्धा साध्या प्रकाशातला निम्मा अडवते. अंधार पडायला लागला की गॉगल काढून खिशात ठेवणं हाच मार्ग.

जास्त काळी काच म्हणजे जास्त पोलराइज्ड, हा समज सर्रास आहे आणि चुकीचा आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिसरी वेगळी गोष्ट अतिनील किरणांची. काच गडद असेल, पोलराइज्डही असेल, आणि तरी अतिनील किरण पुरेसे अडवत नसेल, असं होऊ शकतं. तेव्हा धोका वाढतो, कारण अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि किरण जास्त आत जातात. 'यूव्ही ४००' असं लिहिलेलं असलं तर ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडतात. पाण्यावर दिवस काढणाऱ्याने याबाबत तडजोड करूच नये.

पायरी ४: दुकानात तपासा

दुकानदार एक छोटं कार्ड दाखवतो, गॉगल घातला की त्यात लपलेलं चित्र दिसतं. त्यावरून काच पोलराइज्ड आहे एवढंच कळतं. फिल्म चांगली आहे का आणि सरळ बसवली आहे का, हे स्वतः बघावं लागतं.

चकचकीत फरशी, काचेचं टेबल किंवा बाहेर उभ्या गाडीचं बॉनेट शोधा. त्यावरची चकाकी तिरकी दिसेल असे उभे राहा आणि गॉगल डोळ्यांसमोर सरळ धरा. चकाकी विझली पाहिजे. आता गॉगल ९० अंशांत फिरवून उभा करा. चकाकी पुन्हा उजळली पाहिजे. काहीच फरक पडला नाही तर तो नुसता रंगीत गॉगल आहे. सरळ धरल्यावर नाही पण थोडा कलवल्यावर चकाकी नीट जात असेल, तर फिल्म वाकडी बसली आहे. मानकानुसार हा कल ५ अंशांपेक्षा जास्त चालत नाही.

मग फोनचा किंवा संगणकाचा पडदा पांढरा करून त्यासमोर गॉगल हळूहळू फिरवा. एका ठिकाणी काचा काळ्या होतील. दोन्ही काचा एकाच वेळी काळ्या व्हायला हव्यात. एक आधी आणि दुसरी नंतर होत असेल, तर दोन डोळ्यांना दोन वेगळी पाणी दिसणार आणि संध्याकाळी डोकं धरणार. काही फोनच्या पडद्यांवर हा प्रयोग नीट होत नाही, तेव्हा दुसरा पडदा घ्या. हाताशी दुसरा पोलराइज्ड गॉगल असेल तर आणखी चांगलं: एक काच दुसरीवर आडवी-उभी धरा. चांगली फिल्म असेल तिथे जवळपास काळोख होतो. निळसर-जांभळा उजेड गळत असेल तर फिल्म हलकी आहे.

शेवटी गॉगल हातभर लांब धरून दाराच्या चौकटीची सरळ रेघ त्यातून बघा आणि गॉगल हलकेच डावी-उजवीकडे सरकवा. रेघ मधल्या भागात वाकताना, पाण्यासारखी हलताना दिसली तर तो परत ठेवा. दिवसभर अशा काचेतून बघणं डोळ्यांना छळणारं आहे.

पायरी ५: काचेचं द्रव्य

आपण सवयीने काच म्हणतो, पण बहुतेक वेळा ते प्लास्टिक असतं. खरी काच सर्वांत स्वच्छ दिसते आणि तिला चरे लवकर पडत नाहीत, पण ती जड असते आणि फुटते. प्लास्टिकांपैकी पॉलिकार्बोनेट हलकं आहे आणि आघात उत्तम सोसतं; चरे मात्र पटकन पडतात, म्हणून त्यावर कठीण लेप असलाच पाहिजे. ट्रायव्हेक्स आणखी हलकं, आघातालाही मजबूत, आणि दिसायला पॉलिकार्बोनेटपेक्षा स्वच्छ. सीआर-३९ स्वच्छ आहे पण आघाताला यांच्या तोडीचं नाही. स्वस्त गॉगलमध्ये बहुधा टीएसी, म्हणजे थरांवर थर चिकटवलेली पातळ काच असते. ती पोलराइज्ड असते, सुरुवातीला छान चालते, पण उष्णता, घाम आणि खारं पाणी लागून कडेने थर सुटायला लागतात. मासेमारी आवडेल की नाही हे बघायचं असेल तर तिने सुरुवात करायला हरकत नाही.

माझं मत आघाताच्या बाजूने आहे. अडकलेला गळ जोर लावून ओढला आणि तो एकदम सुटला, की शिसं आणि गळ ताणलेल्या दोरीसह थेट चेहऱ्याकडे येतात. शेजारचा माणूस रॉड मागे घेऊन फेकतो तेव्हाही गळ आपल्या डोळ्यांच्या उंचीवरूनच फिरतो. अशा वेळी समोर पॉलिकार्बोनेट किंवा ट्रायव्हेक्स असावं. काचेतला थोडा स्वच्छपणा त्यासाठी सोडून द्यायला मी कधीही तयार आहे.

पायरी ६: फ्रेम आणि बसणं

बाजूने आणि वरून उजेड आत आला की काचेच्या आतल्या बाजूवर स्वतःच्याच डोळ्याचं प्रतिबिंब दिसतं आणि पोलराइज्ड काचेचं निम्मं काम वाया जातं. म्हणून चेहऱ्याला वळसा घालणारी, कानशिलाजवळ रुंद काडीची फ्रेम घ्या. काचेच्या आतल्या बाजूला परावर्तन कमी करणारा लेप असेल तर तो पैसा सार्थकी लागतो. त्याच्या जोडीला पुढे झडप असलेली टोपी, झडपेची खालची बाजू गडद रंगाची.

गॉगल घालून खाली वाका, मान झटका, मोठ्याने हसा. तो नाकावरून घसरता कामा नये, गालांनी उचलला जाता कामा नये, पापण्या काचेला लागता कामा नयेत. नाकाजवळ आणि कानामागे रबर असावं, घामात तेच धरून ठेवतं. फार घट्ट बसणारा गॉगल वाफ धरतो, थोडी हवा खेळू द्या. खाऱ्या पाण्यावर धातूची फ्रेम आणि साधे स्क्रू गंजतात, नायलॉनची फ्रेम बरी. आणि गळ्यात दोरी लावाच. होडीत असाल तर तरंगणारी.

नंबरचा चष्मा असणाऱ्यांनी नंबर घालून पोलराइज्ड काच करून घ्यावी हे उत्तम, पण फार वळसा असलेल्या फ्रेममध्ये मोठा नंबर नीट बसत नाही, म्हणून फ्रेम निवडण्याआधी चष्मेवाल्याला विचारा. चष्म्यावर घालायचा मोठा गॉगल जड वाटतो, तरी तो बाजूचा उजेड चांगला अडवतो. चाळिशीनंतर गळाला गाठ मारताना जवळचं दिसत नाही, त्यांनी काचेत खाली जवळच्या नंबरचा लहान तुकडा करून घ्यावा. तो लहानच ठेवा. पाण्यात उतरताना पाय कुठे ठेवतो ते त्याच खालच्या भागातून बघावं लागतं, आणि तिथला दगड धूसर दिसला तर पाय घसरतो.

एक अडचण आधीच माहीत असलेली बरी. होडीतलं मासे शोधायचं यंत्र, घड्याळ, फोन यांचे पडदे पोलराइज्ड गॉगलमधून काही कोनांत काळे दिसतात. यंत्र पक्कं बसवण्याआधी गॉगल घालून त्याचा कोन ठरवा. ओल्या खडकाची चमकही गॉगलमध्ये कमी होते, म्हणजे तो निसरडा आहे हे डोळ्यांना कळत नाही. पाय टाकण्याआधी काठीने चाचपा.

पायरी ७: जपणूक

मीठ वाळलेल्या काचेवर कधीही कापड फिरवू नका. मिठाचे कण लेप खरवडतात. आधी गोड्या पाण्याखाली धरा, सौम्य साबणाचा एक थेंब बोटाने लावा, धुवा, मग मऊ मायक्रोफायबरने टिपा. शर्टाचं टोक नको. डासांसाठी लावतात त्या डीट असलेल्या औषधाने प्लास्टिक विरघळतं, म्हणून ते लावलेल्या हाताने गॉगल धरू नका. उन्हात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेल्या गॉगलचे थर सुटतात, फिल्मवर लाटा येतात, आणि मग तो दुरुस्त होत नाही.

पायरी ८: पाण्यावरचा पहिला दिवस

नवा गॉगल घेऊन लगेच गळ टाकायला बसू नका. अर्धा तास नुसतं बघा. सूर्य पाठीशी किंवा बाजूला ठेवा, पण आपली सावली पाण्यावर पडणार नाही असे. मागे गडद झाडी किंवा कडा असेल तिकडच्या पाण्याकडे बघा, तिथे उजळ आभाळाचं प्रतिबिंब नसतं. मान थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे कलवा. आभाळाचा प्रकाशही काही दिशांनी आधीच पोलराइज्ड असतो आणि लाटांचे उतार बदलत असतात, त्यामुळे सरळ मानेने जे दिसत नाही ते कधी कधी थोड्या कलाने एकदम उघडतं.

नजर पृष्ठभागावर ठेवू नका, तळावर ठेवा. अख्खा मासा शोधत बसू नका. तळावरची हलणारी सावली, प्रवाहात एकाच जागी टिकलेली काळी रेघ, कुशीचा क्षणभर पडणारा पांढरा झोत, हे शोधा.

आणि मासा दिसला की एक हिशेब लक्षात ठेवा. गॉगल चकाकी काढतो, पाण्यात शिरताना प्रकाश वाकतो ते तो सरळ करत नाही. वरून सरळ खाली पाहिलं तर १ मीटर खोलीवरचा मासा ७५ सेंटिमीटरवर असल्यासारखा दिसतो, आणि नजर जितकी तिरकी तितका तो आणखी वर दिसतो. आमिष त्याच्या दिसणाऱ्या जागेच्या पुढे, प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाका, आणि वाटतं त्यापेक्षा थोडं जास्त खाली जाऊ द्या.